तलावावर ड्रोन येणार असेल तर: सुरक्षित मोजणीची तयारी आणि त्यात आपलं काम



पूर्वी सरकारी जमिनीची मोजणी म्हणजे साखळी, टेप आणि चार माणसं उन्हात. आता तलाव, गायरान, नाले, गावठाण यांची मोजणी ड्रोननं होऊ लागली आहे. अशी मोजणी आपल्या पाण्यावर आली की बहुतेक जण वर बघत उभे राहतात. पोरं मागे पळतात, कुणी होडी थांबवून मोबाईलवर व्हिडिओ काढतो. तास-दोन तासांत ड्रोनवाले निघून जातात. त्या दिवशी काय मोजलं गेलं, हे आपल्याला कळतं तेव्हा कागद तयार झालेला असतो.

म्हणून हा लेख लिहितोय. यात दोन गोष्टी आहेत. एक, जिवाची सुरक्षा. चार-पाच किलोचं फिरत्या पात्यांचं यंत्र होडीवर, घाटावर किंवा पोरांवर पडायला नको. दुसरी, तलावाची हद्द. बोटुकली किती सोडायची, ठेका किती क्षेत्राचा, अतिक्रमण कुठवर आलंय, हे सगळं त्या नकाशावर ठरणार. आमचं म्हणणं एवढंच आहे की या दोन्ही गोष्टी ड्रोन उडायच्या आधीच ठरतात आणि त्या ठरताना आपली माणसं तिथे असली पाहिजेत.

१. ही मोजणी आली कुठून?

पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्र शासनाने गावठाणाची ड्रोन मोजणी करून पाहिली. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडवण्याचं काम भारतीय सर्वेक्षण विभागाकडे दिलं. ११ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा मालमत्ता पत्रकं वाटली, तेव्हा सहा राज्यांतली ७६३ गावं त्यात होती. त्यातली १०० महाराष्ट्रातली आणि २ आपल्या कर्नाटकातली.

या योजनेतली एक पद्धत लक्षात ठेवा. ड्रोन यायच्या आधी गावकरी, पंचायत आणि मोजणीवाले मिळून घरांच्या हद्दी चुन्याने आखतात, मग ड्रोन उडतो. चुन्याची रेघ वरून स्पष्ट दिसते. म्हणजे हद्द माणसं दाखवतात आणि ड्रोन तिचा फोटो काढतो. चुना पडला नाही तर फोटोत भिंत दिसेल, झाड दिसेल, हद्द दिसणार नाही.

स्वामित्व योजना गावठाणापुरती, म्हणजे वस्तीच्या जागेपुरती आहे. तलाव त्यात येत नाही. तलावाची, धरणाच्या बुडीत क्षेत्राची मोजणी वेगळी निघते, वेगळ्या खात्याकडून होते. त्यामुळे कुणी आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ‘साहेब, हे काम कुठल्या खात्याचं, कशासाठी, आणि आदेश कुठे आहे?’ विचारण्यात काही गैर नाही. सरकारी कामाचा आदेश असतोच.

आणखी एक फरक. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याने जानेवारी २०२५ मध्ये सागरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर बेकायदा मासेमारी पकडायला ड्रोनची गस्त सुरू केली. ती पाळत आहे. आपण इथे बोलतोय ते मोजणीबद्दल. दोन्हींत यंत्र सारखं दिसतं, पण काम वेगळं. गस्तीच्या बातम्या ऐकून मोजणीच्या ड्रोनवर दगड उचलू नका, आणि मोजणी आहे म्हणून डोळे झाकूनही बसू नका.

२. नौबादच्या डोक्यावरचं आकाश मोकळं नाही

बिदरच्या माणसाला जेट विमानाचा आवाज नवा नाही. इथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. हॉक विमानं इथूनच उडतात, सूर्यकिरण पथकाचं ठाणंही इथेच. ७ फेब्रुवारी २०२० पासून याच धावपट्टीवरून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. नौबाद बिदर शहराला लागून. त्यामुळे इथे ड्रोन उडवायचा म्हणजे आधी आकाशाचा नकाशा बघायचा, मग बाकीचं.

ड्रोन नियम २०२१, जे २५ ऑगस्ट २०२१ ला लागू झाले, त्यात आकाशाचे तीन रंग केले आहेत.

हिरवा भाग: जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही सूट २०० फुटांपर्यंतच, म्हणजे ६० मीटर.

पिवळा भाग: हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी घेतल्याशिवाय उडवायचं नाही.

लाल भाग: केंद्र सरकारची परवानगी लागते.

हा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय व्यवस्थेवर बघता येतो आणि तो बदलतही असतो. म्हणून उड्डाणाच्या दिवशी पुन्हा बघायचा असतो. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचे अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. मोठ्या पाहुण्यांचा दौरा, जत्रा, सुरक्षेचा प्रश्न अशा वेळी हे होऊ शकतं. तेव्हा ‘आमच्याकडे गेल्या महिन्याची परवानगी आहे’ हे चालत नाही.

भालकी तालुक्यात ब्यालहळ्ळीजवळ कारंजा धरणावर मासेमारी करणाऱ्यांनी ‘आपण शहरापासून लांब आहोत’ असं धरून चालू नये. तिथेही नकाशा बघायचाच. बिदरचा किल्ला, अष्टूरचे घुमट ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, तिथली परवानगी वेगळी.

३. पायलटकडे काय काय असलं पाहिजे?

वजनावरून ड्रोनचे प्रकार ठरतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. त्यावर मध्यम आणि मोठे. मोजणीचे ड्रोन बहुतेक मायक्रो किंवा स्मॉल असतात. त्यांच्यासाठी ह्या गोष्टी लागतात:

- ड्रोनची नोंदणी आणि त्यावर लिहिलेला ओळख क्रमांक.
- पायलटचं रिमोट पायलट प्रमाणपत्र. हौसेने मायक्रो उडवणाऱ्याला यातून सूट आहे. पण ठेका घेऊन मोजणी करणाऱ्याला ते लागतं.
- दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा.
- त्या दिवशीचा आकाशाचा नकाशा, आणि गरज असेल तर परवानगी.

नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सगळं विचारायचं काम प्रत्येक होडीवाल्याचं नाही. सोसायटीच्या दोन जबाबदार माणसांनी पंचायतीच्या पीडीओंसोबत जाऊन एकदा बघायचं, फोटो काढून ठेवायचा, झालं. नीट काम करणारी टोळी हे कागद स्वतःहून दाखवते.

४. उडवायच्या आधी पायी चालायचं

चांगल्या नियोजनाची ही पहिली पायरी. संगणकावर नकाशा काढून चालत नाही, काठाने चालून यावं लागतं. आणि काठ आपल्याइतका कुणाला माहीत आहे? ह्या फेरीत आपला एक माणूस पाहिजेच. त्याने काय काय दाखवायचं ते लिहून घ्या.

विजेच्या तारा. बारीक तार कॅमेऱ्यात लवकर दिसत नाही. शेतातल्या मोटारीला काठावरून ओढलेल्या तारा तर कुठल्याच नकाशावर नसतात. त्या आपण दाखवायच्या.

खोल जागा आणि उघड्या विहिरी. नौबादला बहामनी काळातला करेझ आहे, आपण सुरंग बावी म्हणतो. जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा आणि वर ठिकठिकाणी हवेसाठी खोदलेल्या उभ्या विहिरी. पायलटची नजर आकाशात असते आणि तो मागे-पुढे सरकत असतो. अशा विहिरीजवळ उभं राहून ड्रोन उडवायचा नाही. उभं राहायची जागा आधी ठरवून तिच्याभोवती दोरी बांधायची.

पठाराची कड. बिदर शहर पठाराच्या कडेला आहे. वर उभं राहून ड्रोन खालच्या तलावाकडे पाठवला की गोंधळ होतो, कारण ड्रोन आपली उंची उडालेल्या जागेपासून मोजतो आणि नियम खालच्या जमिनीपासून. कडेवरून ९० मीटर वर गेलेला ड्रोन खाली ५० मीटर खोल उतरणीवर पोचला, तर तिथे तो जमिनीपासून १४० मीटरवर असतो, म्हणजे मर्यादेबाहेर. त्यामुळे शक्यतो तलावाच्या पातळीवरूनच उडवायला सांगा.

पक्षी. कुठल्या झाडांवर बगळे, पाणकावळे, करकोचे घरटी करतात हे आपल्याला माहीत असतं. ड्रोन जवळ आला की पक्षी एकदम उठतात, पिलं खाली पडतात, अंडी उघडी राहतात. त्या झाडांभोवती मोकळी जागा सोडायला सांगा, आणि विणीच्या काळात तिथे जाऊच नका म्हणा. घारीचं उलट आहे. ती ड्रोनवर झडप घालते. मासळीची घाण काठावर पडली असेल तिथे घारी फिरतातच. मोजणीच्या सकाळी मासे साफ करायचं काम बंद ठेवा, आदल्या दिवशीची घाण पुरून टाका. तसंही विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी जमतील असा कचरा उघड्यावर टाकायला विमान नियमांत मनाई आहे. धावपट्टी जवळ असलेल्या आपल्यासारख्यांनी हे एरवीही पाळायचं.

घाट. बायका कपडे धुतात, आंघोळी होतात. त्या वेळी वरून कॅमेरा फिरणं कुणालाही आवडणार नाही. घाटाची वेळ कोणती हे आपल्या ताई-मावशींना विचारा आणि ती वेळ मोजणीतून वगळायला लावा. ही मागणी आधी केली तर सहज मान्य होते. ऐनवेळी केली तर भांडण होतं.

५. वेळ कोणती धरायची?

बिदरच्या मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. बऱ्याच ड्रोनच्या पुस्तिकेत ४० अंश हीच वरची मर्यादा लिहिलेली असते. बॅटरी तापते. शिवाय दुपारी पाण्यावर सूर्य चकाकतो आणि फोटो पांढरे पडतात. दुपारनंतर वारा उठतो, वळवाचे ढग येतात. सेकंदाला १० मीटरच्या आसपास वारा झाला की बऱ्याच लहान ड्रोनना तो झेपत नाही. म्हणून दुपार सोडायची.

अगदी पहाटेही नको. सावल्या लांब पडतात आणि आपण कांडाळी उचलत असतो. आमच्या मते जाळी काढून होड्या काठाला लागल्यावर, साधारण साडेआठ ते साडेदहा ही वेळ दोघांनाही सोयीची. तेव्हा पाणी शांत असतं, होड्या मधे येत नाहीत आणि आपला धंदाही बुडत नाही. ही वेळ दोन दिवस आधी दवंडीने आणि ग्रुपवर कळवायची.

६. उंची, फेऱ्या आणि बॅटरी: साधा हिशोब

ड्रोन नांगरासारखा तासं घालत जातो. एक पट्टा, वळण, दुसरा पट्टा. एका पट्ट्याचा फोटो शेजारच्या पट्ट्यावर बराचसा चढला पाहिजे, नाहीतर फोटो जुळत नाहीत.

समजा तलाव शंभर एकरांचा, म्हणजे सुमारे ४० हेक्टर. ड्रोन १०० मीटरवर उडतोय आणि एका फोटोत १५० मीटर रुंदी मावते. शेजारचा पट्टा ७० टक्के चढवायचा असेल तर दोन पट्ट्यांत ४५ मीटर अंतर राहतं. ४० हेक्टर म्हणजे ४ लाख चौरस मीटर. त्याला ४५ ने भागलं की सुमारे ९ किलोमीटर उड्डाण येतं. सेकंदाला ८ मीटर वेगाने हे १९ मिनिटांचं काम, वळणं वेगळी.

आता तोच तलाव विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात असेल तर ६० मीटरच्या वर जाता येत नाही. फोटोत ९० मीटरच मावतात, पट्ट्यांत २७ मीटर अंतर, आणि उड्डाण जवळजवळ १५ किलोमीटर. वेळ अर्ध्या तासाच्या वर. एका बॅटरीत हे बसत नाही, कारण २५-३० मिनिटांची बॅटरी पूर्ण संपवायची नसते. तीस टक्के उरली की ड्रोन परत आला पाहिजे. म्हणजे दोन-तीन फेऱ्या, तेवढ्या वेळा उतरणं आणि चढणं. शिवाय खाली उडायचं म्हणजे झाडं, तारा आणि घारी जवळ.

हा हिशोब कशाला सांगितला? कारण ‘अर्ध्या तासात उरकतो’ असं कुणी म्हणालं तर आपण विचारू शकतो की किती उंचीवरून, किती फेऱ्या, किती बॅटऱ्या? घाईत उरकलेल्या मोजणीत बॅटरी ताणली जाते आणि पट्टे विरळ पडतात. अशा वेळी अपघात होतो, नाहीतर नकाशा चुकतो.

आणखी एक. संपर्क तुटला तर ड्रोन आपोआप उडालेल्या जागी परत येतो. म्हणून हलत्या होडीवरून ड्रोन उडवू देऊ नका. होडी पुढे सरकलेली असते आणि ड्रोन जुन्या जागी, म्हणजे पाण्यात उतरतो. परत येतानाची उंचीही सगळ्यात उंच झाडाच्या, खांबाच्या वर ठेवलेली असावी लागते आणि परवानगीच्या मर्यादेच्या आतही. हे आधी बसवावं लागतं.

७. ड्रोनला काय दिसत नाही

इथे नीट लक्ष द्या. आपलं पोट ह्याच भागावर आहे.

ड्रोनच्या फोटोत त्या दिवसाचं पाणी दिसतं. तलाव त्याहून मोठा असतो. काठ सपाट असेल, समजा शंभर मीटरला एक मीटर उतार असेल, तर पाणी एक मीटर उतरलं की काठ शंभर मीटर आत जातो. असा काठ एक किलोमीटर लांब धरला तर दहा हेक्टर, म्हणजे सुमारे पंचवीस एकर जागा कोरडी दिसते. उन्हाळ्यात तिथे कुणी ज्वारी, भाजी लावलेली असेल तर फोटोत सरळ शेत दिसतं. ‘इथपर्यंतच तलाव’ अशी रेघ त्या पाण्याच्या कडेने मारली गेली की पंचवीस एकर कागदावरून गेले. पावसाळ्यात पाणी तिथे येईल, मासाही येईल, पण कागदावर ते दुसऱ्याचं रान असेल.

मग उन्हाळ्यात मोजणी करूच नये का? करावी. उन्हाळ्यात तळ उघडा पडतो, त्यामुळे ड्रोनला जमिनीचा उंचसखलपणा चांगला मोजता येतो. पाण्यावर तो जमत नाही, कारण लाटा हलतात आणि फोटो जुळत नाहीत. फक्त हद्दीची रेघ पाण्याच्या कडेने मारायची नाही. सांडव्याच्या, ज्याला कन्नडमध्ये कोडी म्हणतात, त्या माथ्याची पातळी मोजायची. त्याच पातळीची रेघ सगळ्या तलावाभोवती फिरवायची. ती पूर्ण भरलेल्या तलावाची कड. आणि ती महसूल खात्याच्या नकाशावरच्या तलावाच्या सर्व्हे नंबराशी ताडून बघायची.

सांडवा कुणी फोडून खाली केला असेल तर? तसं झालं असेल तर पातळीही खोटी येते. जुना माथा कुठे होता, पुराचं पाणी कुठल्या दगडाला, कुठल्या झाडाच्या बुंध्याला लागतं, ते वयस्कर मंडळींना माहीत असतं. त्या खुणांवर मोजणीच्या आधी चुना मारा. जाळी वाळवायची जागा, होड्या लावायची जागा, तलावाकडे येणारी वाट, पाणी आत आणणारा ओढा, सगळ्यांवर चुना. वरून दिसेल तेच नकाशावर येईल.

जलपर्णी वरून हिरव्या रानासारखी दिसते. वेडी बाभूळ आणि पानकणीस जमीन झाकतात. कॅमेऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो, खालची माती दिसत नाही. अशा जागा हाताने मोजायला सांगा. पाण्याची खोली आणि गाळ साध्या कॅमेऱ्याने कळत नाही. त्यासाठी होडीतून खोली मोजावी लागते. ह्या कामाला आपली होडी घेतली तर भाडं आधी ठरवा आणि होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला, साहेब असो की मजूर, लाईफ जॅकेट घालायला लावा.

करेझचंही असंच. वरून विहिरींची तोंडं दिसतात, बोगदा दिसत नाही. तो कुठून कुठे जातो हे माहीत असलेल्या माणसानेच सांगावं लागतं.

८. उड्डाणाच्या दिवशी आपण काय करायचं

- होड्या काठाला. अगदीच कुणी पाण्यात असेल तर त्याने एका जागी थांबायचं आणि पायलटला आधी सांगायचं.
- पोरांना उडायच्या जागेपासून लांब ठेवायला दोन माणसं. पाती बोटं कापतात. उतरणारा ड्रोन हातात धरायचा नाही.
- काठावर दोन ठिकाणी आपली माणसं राखणीला. पायलटला ड्रोन सतत नजरेत ठेवायचा असतो, त्यामुळे घार, होडी, माणूस दिसला की ओरडून सांगणारं कुणीतरी लागतं.
- जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी ठेवतात, त्या हलवायच्या नाहीत. नकाशा त्यांच्यावर बसवलेला असतो. शेळ्या-म्हशीही तिकडे जाऊ देऊ नका.
- जेट किंवा हेलिकॉप्टरचा आवाज खाली येताना वाटला तर पायलटला लगेच सांगा. त्याने ड्रोन खाली घ्यायचा.

९. काही बिघडलं तर

ड्रोन पाण्यात पडला तर कुणीही उडी मारायची नाही. लांबून जागा हेरा, जाळ्याचा एखादा बोया सोडून खूण करा, आणि पायलटच्या सांगण्याने नंतर काढा. फुगलेली किंवा धुरणारी बॅटरी होडीत घ्यायची नाही. ती पुन्हा पेट घेऊ शकते आणि जवळ डिझेल असेल तर विचारायलाच नको.

माणसाला लागलं तर आधी दवाखाना, मग बाकीचं. ११२ ला फोन करा. जाळं फाटलं, होडीला लागलं तर जागेवर फोटो काढा, ड्रोनवरचा क्रमांक टिपा, पीडीओंसमोर लिहून घ्या. अपघाताची माहिती पायलटने ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला द्यायची असते. ती दिली का, हे लेखी विचारा. विम्याचा दावा याच कागदांवर चालतो.

१०. मोजणी झाली, आता?

कच्चा नकाशा गावसभेत दाखवा अशी मागणी मोजणीच्या आधीच लेखी द्या. नकाशा आला की चार गोष्टी बघा: रेघ सांडव्याच्या पातळीने आहे का, आपल्या चुन्याच्या खुणा दिसतात का, सर्व्हे नंबर पहाणी आणि आकारबंदाशी जुळतो का, मोजणीची तारीख लिहिली आहे का. जुळत नसेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

कायदा आपल्या बाजूचा आहे. कर्नाटकात तलावांच्या रक्षणासाठी २०१४ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंह खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी आणि तळी यांवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्या खटल्यातली जागाही गावाचं तळंच होतं. पण न्यायालयात जायचं तरी तलाव कुठून कुठवर हे नकाशाने दाखवावं लागतं. नीट झालेली ड्रोन मोजणी म्हणजे आपल्या हातातला पुरावा. त्यामुळे ड्रोनला अडवू नका, त्याच्या नियोजनात शिरा.

सोसायटीने आत्ताच तीन कामं करून ठेवावीत. तलावाची पहाणी आणि गावनकाशा काढून फाईलला लावणं. वयस्कर मंडळींना सोबत घेऊन पुराच्या पाण्याच्या खुणा एकदा फिरून बघणं आणि वहीत लिहिणं. आणि मोजणीच्या दिवशी कोण पुढे होईल ती दोन नावं बैठकीत ठरवणं, त्यातलं एक बाईमाणसाचं.

हा लेख आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आपल्या तलावावर मोजणी झाली असेल तर नकाशात काय आलं, काय सुटलं ते खाली लिहा, बाकीच्या गावांना उपयोग होईल.